दगड न उचलता

आमच्या आयेला इंग्रजीतलं एकच क्रियापद येतं, आणि ते डोंबिवलीतल्या निम्म्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनाही येत नसेल. गडल. काठाच्या दगडांखाली हात घालून, चाचपत चाचपत, जाळं नाही, गळ नाही, नुसत्या हातांनी मासा धरणं म्हणजे गडल करणं. शब्द स्कॉटलंडकडचा. तिकडेही आता फारसा कुणी वापरत नाही म्हणतात. आयेला तो मी शिकवला. त्या शिकवण्याचा मला अजून राग येतो, थोडा स्वतःचा आणि बराचसा दुसऱ्या एका माणसाचा.

आये म्हणजे माझी सासू, आवडाबाई. ठाण्याच्या खाडीला लागून आमचा कोळीवाडा आहे. घोडबंदर रोडवरच्या चाळीस मजल्यांच्या खिडक्यांतून आम्ही दिसत असू, पण बहुतेक ठिपक्याएवढेच. आयेचं वय सदुसष्ट, उंची पाच फुटांच्या आत, आणि आवाज असा की ती कुजबुजली तरी पलीकडच्या आळीला बातमी पोचते. विठ्ठलवाडीला तिची धाकटी बहीण दिलेली आहे. तिच्याकडे ती वर्षातून एकदा जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. तिथे सगळं चांगलं आहे, पण पाण्याला चढउतार नाही, त्यामुळे दिवस कुठे चाललाय ते कळत नाही, असं तिचं म्हणणं.

माझे सासरे नाथा कोळी वारले तेव्हा माझा नवरा भावेश नऊ वर्षांचा होता आणि दीर हितेश सहाचा. होडी विकली गेली. खाडीचं पाणी तेव्हा बिघडायला लागलंच होतं. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायचं. गावातल्या कित्येक घरांनी मासेमारी सोडली, कुणी रिक्षा घेतली, कुणी कंपनीत लागलं. आयेने काहीच घेतलं नाही आणि काहीच सोडलं नाही. ती भिंतीवर जात राहिली.

ही भिंत म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गावाच्या मागे खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या दलदलीत, एक जुनं मिठागर होतं. ते बंद पडून दोन पिढ्या झाल्या. त्याचा दगडी बांध खाडीच्या बाजूला कोसळून पडलेला आहे, पन्नाससाठ पावलांचा, तिवरांच्या झाडीआड. भरतीला तो पाण्याखाली जातो. ओहोटीला उघडा पडतो तेव्हा दगडांखालच्या कपारींत पाणी राहतं, आणि त्या पाण्यात मासळी राहते. चिंबोरी, कोळंबी, वाम, काळुंदर, आणि नशीब जोरावर असेल तर हातभर लांब जिताडा. आये गुडघाभर चिखलात उतरायची, ओणवी व्हायची आणि खांद्यापर्यंत हात दगडाखाली घालायची. मान वळवून भलतीकडेच बघत राहायची. डोळे मध्ये आले की बोटं आळशी होतात, म्हणायची. पाण्याखाली शिंगाळी आहे की काळुंदर, हे तिला नुसत्या स्पर्शाने कळायचं, आणि कळायला हवंच, कारण शिंगाळीचा काटा लागला तर माणूस दोन दिवस विव्हळतो.

या कामात तिचा एक कायदा होता. दगड उचलायचा नाही. हात वाटेल तेवढा आत घाला, कोपर सोलवटू दे, पण दगड जागचा हलता कामा नये. पोटाला अंडी लागलेली चिंबोरी हाताला लागली तर तशीच सोडायची. आणि कुठलीही कपार रिकामी करायची नाही, एक तरी जीव आत ठेवायचा. मी लग्नानंतर नवी नवी असताना शहाणपणाने म्हटलं होतं की दगड बाजूला केला तर किती सोपं होईल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी कुणाच्या तरी घराचं छप्पर काढायला सांगितलंय.

दुसरा कायदा तिचा एकटीचा नव्हता, गावातल्या सगळ्या जुन्या बायकांचा होता. प्रत्येकीची खाडीत अशी एक जागा असते. कुणाची कुठे, हे इतरजणींना अंदाजाने माहीत असतं, पण दुसरीच्या जागेवर कुणी जात नाही, आणि मुख्य म्हणजे जागा बोलत नाहीत. तोंडाने तिचा ठावठिकाणा सांगायचा नाही. बोलली गेली की ती जागा कुणाचीच राहत नाही, कुणीही जावं. सासू ती सुनेला दाखवते. लेकीला नाही, कारण लेक परक्या गावात जाणार. आणि सुना दोन असोत की चार, दाखवायची एकीलाच. आयेला ती तिच्या सासूने, बायजाने, दाखवली. आयेने मला दाखवली, लग्नाला चार वर्षं झाल्यावर. माझी धाकटी जाऊ हेमांगी तेव्हा घरात आलेली होती. ती माझ्यापेक्षा कामाला चपळ, चिखलात वाढलेली पोर. मी आपली इंग्रजीत एमए, शाळेत शिकवणारी, पाण्यात उतरताना पंजाबी ड्रेसची ओढणी कुठे ठेवू विचारणारी. तरी आयेने मला निवडलं. का ते तिने सांगितलं नाही. मी मोठी म्हणून असेल. मला मात्र वाटलं की तिने माझ्यात काहीतरी पाहिलं. पदवीदान समारंभाला मी एवढी ताठ उभी राहिले नव्हते.

आता सुधीर सर.

सर डोंबिवलीला माझ्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. माझं माहेर डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात. दुसऱ्या वर्षाला असताना घरच्यांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा हा माणूस रविवारी आमच्या घरी आला, माझ्या बापासमोर ओट्यावर बसला, वाढलेलं सुकटीचं कालवण खाल्लं, घाम पुसत दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि उठण्यापूर्वी माझं शिक्षण वाचवून गेला. पांढऱ्या शर्टातला, पुस्तकी मराठी बोलणारा माणूस आमच्या गावात त्याआधी फक्त मतं मागायला आला होता. मी त्यांची झाले ती तेव्हापासून. भावेश चेष्टेने म्हणायचा की तुझ्या देव्हाऱ्यात एक फोटो कमी आहे.

निवृत्तीनंतर सरांनी एका स्थानिक साप्ताहिकात सदर सुरू केलं. दर आठवड्याला एक अनवट इंग्रजी क्रियापद, त्याचा अर्थ आणि वापर. त्यांची पद्धत वेगळी होती. कोशातला अर्थ ते उतरवून काढत नसत. ती क्रिया जिथे खरोखर घडते तिथे जाऊन बघून येत आणि मग लिहीत. पडल या क्रियापदासाठी ते भाताच्या खाचरात चिखलणी करायला उतरले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. कॉक म्हणजे होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणं, त्यासाठी ते आठवडाभर एका सुताराच्या मागे मागे हिंडले. शब्द बघितल्याशिवाय समजत नाही, असं ते वर्गातही सांगायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू, आजही आवडतं.

एकदा फोनवर ते म्हणाले की त्यांना गडल हे क्रियापद घ्यायचंय, पण हाताने मासे धरणारं माणूस कुठे मिळणार. मी एका दमात सांगून टाकलं की सर, माझी सासू रोज हेच करते. फोन ठेवल्यावर मी काय केलं ते लक्षात आलं. जागा बोलले नव्हते, पण जागेच्या दाराशी माणूस आणून ठेवला होता. तीन दिवस मी आयेशी विषयच काढला नाही. मग एकदा ती कोळंबी सोलत होती तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं होतं ती भडकेल. तिने फक्त विचारलं की हा तोच का, बापाकडे येऊन बसला होता तो मास्तर. मी हो म्हटलं.

"ज्यानं तुला शिकवला तो घरचाच मानूस," आये म्हणाली. "आन त्याला. पन पानी घ्यावं लागंल."

पाणी घेणं म्हणजे आमच्याकडची शपथ. जागा बघायच्या आधी खाडीचं पाणी ओंजळीत घ्यायचं, 'पानी तुजा, जागा तुजी, मी मुका' असं म्हणायचं आणि पाणी परत खाडीत सोडायचं. मीही घेतलं होतं. घरच्या सुनेशिवाय कुणी ते घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. आयेने माझ्या शब्दाखातर एक पायरी खाली उतरून दार उघडलं होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

सर आले ते डोक्याला टोपी, पायात गमबूट, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. दहा पावलांत गमबूट चिखलात रुतले आणि पाय मोकळे वर आले. भावेशने बूट उपटून काढले. आये इतकी हसली की तिला तिवराला धरून उभं राहावं लागलं. मग काठावर सरांनी ओंजळीत पाणी घेतलं. आयेने म्हटलेले शब्द त्यांनी एकेक करून मागून म्हटले, अगदी तिच्याच उच्चारात. पाणी त्यांनी वाकून, हळूच खाडीत सोडलं. मला गहिवरून आलं. माझ्या आयुष्यातली दोन मोठी माणसं एकाच चिखलात उभी होती, आणि मला वाटलं, माझं शिक्षण आज फळाला आलं.

दीड तास ते भिंतीवर होते. आयेने त्यांचा हात धरून कपारीत घातला, बोटं कशी मिटायची, मासा पोटाखालून कसा हळूहळू वर घ्यायचा, सगळं दाखवलं. एका कपारीत त्यांच्या बोटांना काळुंदर लागला. पकडता आला नाही, निसटला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, हे मी आजही नाकारत नाही. दगड का उचलत नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा आये म्हणाली की दगड उचलला म्हणजे घर मोडलं, मग परत राहायला कोण येईल. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मी स्वतः बघितलं. घरी येऊन ते जेवले, आणि त्या जेवणावर मी आयेला तो शब्द शिकवला. तिने तो दोनतीनदा तोंडात घोळवला. इंग्रजांनासुद्धा आपलं काम माहीत होतं याचं तिला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजारात ती शेजारणीला म्हणाली, मी गडल करते.

पंधरा दिवसांनी लेख आला. माझ्या फोनवर तो सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला. पानभर लेख होता, वर आयेचा फोटो, खांद्यापर्यंत हात दगडाखाली. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचायला घेतला, आणि पहिल्या दोन परिच्छेदांना माझी छाती फुगली होती. शब्दाचा उगम, त्याचे चुलतभाऊ, वापराची उदाहरणं, सगळं सुरेख. मग तिसरा परिच्छेद आला. कोळीवाड्यामागचं बंद मिठागर. त्याच्या बाजूने गेलेली विजेची लाइन, तिच्या तिसऱ्या मनोऱ्यापासून खाडीच्या दिशेने सुमारे दोनशे पावलं, तिवरांच्या पलीकडे कोसळलेला दगडी बांध. अमावास्येनंतरच्या ओहोटीत सर्वांत उत्तम. आणि त्याच्या खाली हे वाक्य: ही जागा कुणाला सांगणार नाही अशी शपथ आवडाबाईंनी मला खाडीच्या पाण्यावर घ्यायला लावली, किती लोभस प्रथा! पुढे शपथेचे शब्दही होते, अवतरणचिन्हांत, एक अक्षर न चुकता.

लोभस. तो शब्द मी तेव्हापासून कधी वापरलेला नाही. मी लेख पुन्हा वाचला, या आशेने की माझ्या डोळ्यांची चूक असेल. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. दगड उचलायचा नाही, हे एवढ्या मोठ्या लेखात कुठेच नव्हतं. बाकी सगळं मावलं होतं.

मी आयेला सांगितलं नाही. आठवडाभर गप्प राहिले. म्हटलं, कोण वाचतं साप्ताहिकं. पण लोक साप्ताहिक वाचत नसले तरी साप्ताहिकाचा फोटो काढून एकमेकांना पाठवतात. दुसऱ्या रविवारी गावाच्या तोंडाशी सात गाड्या उभ्या होत्या. टॉवरमधली माणसं, चांगली माणसं, मुलाबाळांसकट, रंगीत बादल्या घेऊन. कुणीतरी त्याला मड वॉक असं नाव दिलं होतं. ती माणसं वाईट नव्हती, वाट विचारताना नमस्कार करत होती. पण त्यांना हात घालायची भीती वाटत होती, म्हणून त्यांनी दगड उलटे केले. त्यापुढच्या रविवारी कुणीतरी पहार घेऊन आलं.

मग मला सांगावंच लागलं. आयेने लेख वाचून दाखवायला सांगितला, सगळा. मी वाचला. ती जमिनीवर बसून ऐकत होती, पदराच्या टोकाची गाठ सोडत आणि पुन्हा मारत. मनोरा, दोनशे पावलं, अमावास्या, यांतल्या कशावरच ती काही बोलली नाही.

"पान्याचा पन लिवलाय त्यानं?" तिने विचारलं.

मी मान हलवली. ती उठली आणि भांडी घासायला गेली. मी तिच्या मागे जाऊन माफी मागितली, रडले, सरांना नको नको ते बोलले. ती म्हणाली की रडू नको, भांड्यांत पाणी पडतं. चेष्टाच होती ती, पण आवाज नेहमीचा नव्हता. पलीकडच्या आळीला काय, मलासुद्धा जेमतेम ऐकू आला.

त्यानंतर आमच्याच गावातल्या बायका भिंतीवर गेल्या. मला त्याचा जास्त राग आला होता, पण आयेने त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. जागा बोलली गेली होती. छापून बोलली गेली होती. उपरी माणसं नेतात तर आपण का सोडायचं, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक काय? तीनचार महिन्यांत भिंतीचे दगड खाजणभर पसरले. कपारी बुजल्या. एकदा ओहोटीला मी गेलेले, तेव्हा तिथे सपाट चिखल होता आणि एक तुटकी पिवळी बादली. आये त्यानंतर बाजारात दुसऱ्यांची मासळी विकायला बसू लागली. ओहोटीची वेळ झाली की तिचे हात मात्र मांडीवर चुळबुळ करायचे.

मी डोंबिवलीला सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोने, सुमतीकाकूंनी, चहा ठेवला आणि त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. त्यांना बहुधा सगळं समजलं होतं. सरांना काहीच समजलं नव्हतं. लेखाला आलेली पत्रं त्यांनी माझ्यापुढे मांडली. पुण्याहून कुणी कळवलं होतं की एका क्रियापदावर इतकं जिवंत लेखन मराठीत झालेलं नाही. मी पत्रं बाजूला केली आणि भिंतीचं काय झालं ते सांगितलं. ते खरोखर हळहळले. लोकांना शिस्त नाही म्हणाले, पर्यावरणाची जाण नाही म्हणाले. मग मी विचारलं की तुम्ही जागा का लिहिलीत.

"अगं, उदाहरण नेमकं हवं," ते म्हणाले. "कुठेतरी, कुणीतरी, असं लिहून शब्द जिवंत होत नाही. आणि मी गावाचं नाव कुठे दिलंय? ज्ञान दडवून ठेवायचं नसतं, हेमाली. तुला तरी मी कुठे दडवून शिकवलं?"

"आणि सर, पाणी घेतलं होतंत ते?"

मला वाटलं, आता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरेल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि प्रेमाने, वर्गात एखाद्या मठ्ठ पण लाडक्या मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "तो एक विधी होता गं. सुंदर होता. म्हणून तर लिहिला."

मी त्यांच्याशी भांडायला गेले होते, आणि भांडायला समोर कुणी नव्हतंच. त्यांनी शपथ मोडली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती त्यांनी कधी घेतलीच नव्हती. त्यांनी ती बघितली होती, जशी चिखलणी बघितली, जशा फटी बुजवताना बघितल्या. आमच्या ओट्यावर बसून माझ्या बापाचं सुकटीचं कालवण दुसऱ्यांदा मागितलं तेव्हाही ते असंच काही बघत होते का, हा विचार मला परतीच्या वाटेवर आला आणि मग तो गेलाच नाही. माझं अख्खं शिक्षण ज्या माणसावर उभं होतं त्याच्याबद्दल मला हे वाटावं, याहून मोठी फसवणूक मला माहीत नाही. चहा मी तसाच ठेवून आले होते.

वर्ष उलटलं. मी सरांचे फोन उचलत नव्हते. यंदा माघात त्यांनी भावेशच्या फोनवर फोन केला, आणि त्या बिचाऱ्याने तो माझ्या हातात दिला. सदराचं पुस्तक होत होतं. डोंबिवलीत प्रकाशन, येत्या रविवारी सकाळी. गडलचा लेख पुस्तकात पहिला, आणि आवडाबाईंचा व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायची त्यांची इच्छा होती. आवाज जरा थकल्यासारखा वाटला. मला नकारच द्यायचा होता. पण सत्कार आयेचा, तेव्हा नकार द्यायचा हक्क तिचा, म्हणून मी विचारून कळवते म्हटलं.

आये विळीवर मासळी साफ करत होती. मी निरोप सांगितला. वाटलं, शिवी हासडेल, निदान थुंकेल तरी. तिने मान वर केली नाही.

"आयतवारी नाय जमनार," ती म्हणाली. "सकालची ओहोटी हाय."

मी हो म्हणून वळले, आणि मग थांबले. ओहोटीशी तिचं वर्षभर काही काम नव्हतं. मी विळीपुढच्या ताटात बघितलं. काळुंदर होते, चारपाच, अजून कल्ले हलत असलेले. बाजारात बर्फावरचे येतात, त्यांचे कल्ले हलत नाहीत. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि विचारलं की नवी जागा मिळाली का. मिळाली, ती म्हणाली. कुठे, असं मी विचारणार नव्हते, तेवढं मला कळतं. मी फक्त विचारलं की मला कधी नेशील.

आयेने विळीचं पातं फडक्याने पुसलं. तिला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. ते मला कमीत कमी लागेल असं कसं द्यावं, हे ती शोधत होती, आणि तेच मला जास्त लागलं.

"हेमांगीला नेला," ती म्हणाली.

एकीलाच दाखवायची असते. मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, लहान मुलीसारखं, की मी कुणाला सांगितलं असतं का, आये? मी कधी एक शब्द तरी बोलले होते का?

"तू नाय सांगनार. तुजा तोंड बंद हाय, मना म्हाईत हाय." तिने माझ्या गालाला हाताची मागची बाजू लावली, कारण बोटांना मासळी लागलेली होती. "पन तू मानसावर इस्वास ठेवतेस, पोरी. जागेला तसली सून नाय चालत."

एवढं बोलून तिने पुढचा मासा उचलला.

रविवारी सकाळी हेमांगी टोपली घेऊन दारात उभी राहिली. माझ्याकडे बघायचं टाळत तिने चपला काढून भिंतीला टेकवून ठेवल्या. चिखलात जाताना चपला घरीच ठेवतात. आये पदर खोचत बाहेर आली आणि दोघी खाजणाच्या वाटेला लागल्या. कुठल्या बाजूला वळतात ते मला दारातून दिसलं असतं. मी आत येऊन सरांना फोन लावला आणि आये येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही.